बसणीची खिंड

गोपीनाथ म्हात्रे शाळेत जायला निघाला की मानपाड्याच्या नाक्यावरची मंडळी चहाचा ग्लास हातात धरून गंमत बघत उभी राहायची. चांगला बी.एस्सी., बी.एड. झालेला मास्तर, चाळिशीकडे झुकलेला, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, आणि बुडाखाली ती सायकल! खाचाखाचांचे जाड टायर, सरळ आडवा दांडा, गिअरच्या तारा, आणि मडगार्ड, कॅरिअर, स्टँड यांपैकी काहीच नाही. "मास्तर, अर्धी सायकल दुकानात विसरलात काय?" असं कुणी ना कुणी रोज विचारायचं. गोपीनाथ रोज हसायचा, गिअर बदलायचा आणि निघून जायचा.

सायकल त्याच्या मेहुण्याच्या, दामाजीच्या दुकानातली. ठाण्याला कोपरीत दामाजीचं सायकलींचं दुकान होतं. कुणा हौशी गिऱ्हाइकानं मागवलेली आणि मग न नेलेली ती डोंगरी सायकल तिथे वर्षभर छताला लटकत होती. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात गोपीनाथनं ती खाली काढली, कळव्याचा पूल ओलांडून थेट मानपाड्यापर्यंत चालवत आणली, आणि त्या दिवसापासून त्याचा आणि बसचा संबंध संपला. हौसेला मोल नसतं म्हणतात. ह्याच्या हौसेला धरबंधही नव्हता.

त्याची शाळा डोंगरापलीकडे, पाचघरला. बसनं जायचं म्हणजे शिळफाट्यावरून वळसा, तिथे दुसरी बस, मग चिखलातून पायपीट. डोंगरातून मात्र सरळ वाट होती. एमआयडीसीच्या आंबूस वासातून बाहेर पडायचं, भातखाचरांच्या बांधांवरून पायथ्याच्या आंबेटाकी गावात शिरायचं, तिथून चढ, माथ्यावर खिंड, आणि पलीकडचा उतार थेट शाळेच्या फाटकात. शाळा तशी बरी होती. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात काही परीक्षानळ्या आणि बाटलीतला एक पांढरा पडलेला बेडूक. पावसाळ्यात अर्धी पोरं लावणीला जायची आणि उरलेली ओलीचिंब होऊन उशिरा उगवायची. गोपीनाथ त्यांना विज्ञान शिकवायचा, ओरडायचा, कधीतरी छडीही दाखवायचा, आणि एकंदरीत पोरांना तो चालायचा.

इतर मास्तर वादळात घराबाहेर पडताना देवाचं नाव घ्यायचे. ह्याला मात्र वारा सुटला की चेव यायचा. उतारावर चाकाखालून दगड सटकताहेत, डोळ्यांत पाऊस टोचतोय, ब्रेकचं रबर भिजून नुसतं किंचाळतंय, आणि मागच्या चाकानं उडवलेल्या चिखलाची रेघ पाठीवरून मानेपर्यंत चढते आहे, अशा वेळी आपण मास्तर आहोत, कुणाचे नवरे आहोत, बाप आहोत, यातलं काहीही त्याला आठवत नसे. ते विसरणं त्याला फार आवडायचं. घरी आल्यावर त्या चिखलाच्या रेघेवरून सगुणा, त्याची बायको, कपाळाला हात लावायची. आणि लग्नानंतर किती वर्षांनी, नवससायास करून झालेली पाच वर्षांची जनी त्या रेघेवरून बोट फिरवत हसायची.

माथ्यावरच्या त्या खिंडीला बसणीची खिंड म्हणत. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत झालेले बसके दगड होते. खाडीकडचं मीठ आणि सुकी मासळी डोक्यावर घेऊन पलीकडे जाणारी आगरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे बोजा उतरवून बसत आली होती. दमलेली असोत वा नसोत, बसायची. आता त्या वाटेनं जाणारं फारसं कुणी उरलं नव्हतं, पण आंबेटाकीची हौसाबाई सुकटाची पाटी घेऊन अजून जायची, आणि जाता-येता त्या दगडावर टेकलेली दिसायची. गोपीनाथ तिच्यासमोरून सुसाट निघायचा.

एकदा तिनं त्याला हात आडवा करून थांबवलंच. "मास्तर, थोरा बस. मंग जा."

"मावशी, मी दमलेलो नाही."

"दमलास म्हनून नाय बसायचा. जमा होयाला बसायचा." हौसाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "वाऱ्यान मानूस फाटतं. थोरा पुरं जातं, थोरा मागं रातं. हितं बसला का एका जागी येतं. आमच्या आज्यापासना समदी बसली हायत हितं."

"माझं सगळं एका जागी आहे, मावशी," गोपीनाथ हसत म्हणाला आणि त्यानं पायडल मारलं. तो स्वतः आगरी होता, त्याचा आजाही ह्याच वाटेनं मीठ घेऊन जायचा. पण घरातला पहिला पदवीधर म्हटला की त्याला आज्याच्या गोष्टींचं थोडं हसू येतंच.

आषाढ संपत आला तेव्हा समुद्रावरून वादळ आत आलं आणि आठवडाभर मुक्कामाला राहिलं. सोमवारी सकाळी खिंडीत वारा असा होता की सायकल हातातून ओढली जात होती. बसणीच्या दगडांवरून पाणी वाहत होतं. हौसाबाई नव्हती. गोपीनाथनं क्षणभरही न थांबता उतार धरला आणि ब्रेकवरची बोटं सोडून दिली.

शाळेच्या व्हरांड्यात नाथा शिपाई उभा होता. हा कळव्याचा, तोंडाचा फटकळ.

"काय सर, परत कुठे गेलेलात एवढ्या पावसात?"

"परत? अरे, आत्ता येतोय मी."

"मस्करी करता काय? मगाशी चहा दिला ना तुम्हाला. पिऊन वर्गात गेलात."

शिक्षकांच्या खोलीत गोपीनाथचा कान तुटलेला कप टेबलावर होता. त्यानं हात लावला. कप अजून कोमट होता, तळाशी चहाची पूड होती. नववीच्या वर्गाच्या फळ्यावर तारीख, सुविचार आणि कप्पीची अर्धी आकृती होती, त्याच्याच अक्षरात. आकृती शनिवारची राहिली असेल, तारीख एखाद्या पोरानं घातली असेल, आणि नाथा रात्री थोडी घेतो हे तर सगळ्या शाळेला माहीत होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणून गोपीनाथनं शर्ट पिळला आणि तास सुरू केला.

बुधवारी मात्र त्याला असं काही म्हणता आलं नाही. त्या दिवशी जडत्वाचा धडा होता. चढ चढता चढता त्यानं मनाशी एक उदाहरण जुळवलं होतं. आदल्या रविवारी जनीला दांड्यावर बसवून तो हळूहळू सायकल चालवत होता, तिच्या हातात ताकाची वाटी होती, आणि कुत्रं आडवं आल्यावर त्यानं ब्रेक दाबला तसं सगळं ताक पुढे तिच्या फ्रॉकवर सांडलं. सायकल थांबली, ताक थांबलं नाही. झकास उदाहरण! खिंडीतून तो वाऱ्यावर स्वार होऊन उतरला. वाटेत चेन निसटली म्हणून थोडा उशीर झाला, आणि पहिला तास संपता संपता तो वर्गात शिरला.

"समजा, धावत्या सायकलवर कुणाच्या तरी हातात ताकाची वाटी आहे," त्यानं सुरुवात केली.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरची मालू उभी राहिली. हुशार, कमी बोलणारी मुलगी.

"सर, झालं हे. तुमच्या जनीनं फ्रॉकवर सांडलं ते ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. आत्ता, पहिल्या तासाला."

वर्ग हसला. सर थट्टा करताहेत असं वाटलं असेल त्यांना. मालू हसली नाही. ती गोपीनाथच्या शर्टाकडे, त्यातून फरशीवर ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

"सर, तुम्ही मगाशी कोरडे होतात," ती हळूच म्हणाली.

त्या संध्याकाळी सायकल शाळेतच ठेवून तो बसनं घरी गेला, आणि वाटेत डोंबिवलीच्या एका डॉक्टरांना दाखवून आला. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं, जीभ बघितली, झोप नीट घ्या म्हणाले. गुरुवारी तो बसनंच शाळेत आला. कुणी त्याच्याआधी आलं नव्हतं. कुणी चहा प्यायलेला नव्हता. तास नीट झाले, आणि नाथानं काही विचारलं नाही. इथेच त्यानं देवाचे आभार मानून सायकल दामाजीला परत करायला हवी होती. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात. पण विज्ञानाच्या मास्तराला परीक्षा घेतल्याशिवाय चैन कसं पडणार? संध्याकाळी त्यानं शाळेतली सायकल काढली, सगळी वाट हातात धरून चालत घरी नेली, आणि शुक्रवारी सकाळी मुद्दाम, ठरवून, वाऱ्याच्या भर तडाख्यात खिंडीतून उतार घेतला. इतक्या जोरात तो त्या उतारावरून कधीच आला नव्हता.

फाटकात त्यानं सायकल टाकली आणि व्हरांड्यात न जाता इमारतीच्या मागून, गवतातून, नववीच्या वर्गाच्या खिडकीपाशी गेला.

आतून खडूचा आवाज येत होता. फळ्याशी एक माणूस पाठमोरा उभा होता. डोक्यावरचा विरळ होत चाललेला केसांचा भोवरा गोपीनाथनं आरशात आरसा धरून पाहिलेला होता. इस्त्रीचा तोच निळा शर्ट. पाठीवर चिखलाची रेघ नव्हती. पोरं बसली होती ती अशी, की त्यांतलं एकही हलत नव्हतं, खोकत नव्हतं, शेजारच्याला कोपर मारत नव्हतं. गोपीनाथच्या तासाला ती अशी कधी बसली नव्हती.

वीज चमकली. त्याचे डोळे मिटले आणि उघडले. फळ्यापाशी कुणी नव्हतं. एक खडू जमिनीवर गडगडत भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. मग सगळ्या पोरांनी एकाच वेळी माना वळवल्या आणि खिडकीकडे पाहिलं.

दिवसभर त्यानं कसेबसे तास घेतले. फळ्याकडे तो फिरकलाच नाही. संध्याकाळी बसनं जायचं त्याच्या मनात होतं, पण शिळफाट्याला पाणी भरून बस बंद पडल्याची बातमी नाथानं आणली. नाइलाजानं तो सायकल हातात धरून पायी डोंगर चढला. चढायचं, खिंडीत नीट बसायचं, आणि पायीच उतरायचं, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. पण माथ्यावर पोचला तेव्हा डोक्यावर वीज कडाडली, समोरच्या सागावर कुठेतरी लोळ पडला, जळक्या लाकडाचा वास आला, आणि मागे, अगदी पाठीशी, कुणीतरी घसा खाकरला. शिकवायला सुरुवात करण्याआधी तो स्वतः खाकरतो तसा. मग कसलं बसणं नि कसलं काय! कधी सायकलवर टांग टाकली हे त्याचं त्यालाच कळलं नाही. भीतीनं त्याला जे हाकललं ते थेट मानपाड्यातल्या त्याच्या दारात.

सगुणा ओट्यावरची भांडी आत घेत होती. "अवो, परत कुठं गेल्ता? मला वाटला शेजारी गेल्याव."

गोपीनाथनं सायकल तशीच दारात टाकली.

"चहा-भाकर खाल्लीव, जनीला गोष्ट सांगितलीव, आन सायकल बघून येतो म्हनून गेलाव ते आता येताव. आन ह्ये काय, किती भिजलाव!"

आत जनी पाटावर बसून पाटीवर रेघोट्या मारत होती. तिनं वर पाहिलं आणि नाक मुरडलं.

"बाबा, तू आता ओला झालास."

"मगाशी नव्हतो?"

"मगाशी कोरडा. मी मांडीवर बसले तर," जनी विचार करून म्हणाली, "मांडी लागतच नव्हती."

गोपीनाथ तिथेच खाली बसला. शाळेत कुणी का येईना, फळ्यावर काही का लिहीना. पण ते जे काही होतं ते त्याच्या घरात आलं होतं, त्याच्या ताटात जेवलं होतं, आणि त्याच्या लेकीला मांडीवर घेऊन बसलं होतं. आणि जनीनं त्याला बाबा म्हटलं होतं. त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीत लाज वाटावी असा एक मत्सरही होता. कारण जनी म्हणत होती, "ती गोष्ट परत सांग ना. मगाची लय छान होती."

त्यानं तिला जवळ घेतलं. दाराशेजारच्या खिडकीला गज होते. तिला तिथे नेऊन त्यानं खेळ शिकवावा तसं शिकवलं. कुणीही येवो, बाबा जरी आला तरी आधी दार उघडायचं नाही. पाऊस असेल तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढायचा, बाबाची बाही चाचपायची. ओली लागली तर कडी काढायची.

"आन कोरडी लागली तर?"

"तर तो बाबा नाही. कितीही हाका मारल्या तरी कडी काढायची नाही. समजलं?"

जनीनं मोठ्ठी मान हलवली. सगुणा चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली, "हौसामावशीला इचारा. उद्याच जा."

शनिवारी वादळ ओसरायचं नाव घेत नव्हतं. सायकल घेऊन गोपीनाथ आंबेटाकीला गेला. हौसाबाई चुलीवरच्या तव्यात सुकट शेकत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, खिडकी, खाकरणं, मांडी. तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं असतं तर गोपीनाथला बरं वाटलं असतं.

"तो वाईट नाय," ती म्हणाली. "तो तूच हाय. पुरं गेलेला. त्याला बी घर पायजे, पोर पायजे. आता जा खिंडीत, सायकल घेऊन जा, आन बस. तो येल. बाजूला बसल. बसू दे. थंडी वाजल, मंग थंडी जाईल. मंग तू एकलाच उठशील."

"बस, एवढंच?"

"एवराच. पन तोंड उघरू नको." हौसाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "आपलाच आपल्याशी कोन बोलतं? बोललास का तो दुसरा झाला. मंग दोघांना एक जागा पुरत नाय, मास्तर."

गोपीनाथनं मान डोलावली. न बोलणं त्यात काय अवघड, असं त्याला वाटलं.

खिंडीत कुणी नव्हतं. ढग इतके खाली आले होते की पलीकडची शाळा दिसत नव्हती, अलीकडचं गाव दिसत नव्हतं. त्यानं सायकल गवतात आडवी टाकली आणि एका दगडावर बसला. दगड आश्चर्य वाटावं इतका अंगाला बरोबर होता. त्यानं हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

पाऊस कानांवरून, नाकावरून ओघळत होता. त्यानं जनीचं नाव मनात धरून ठेवलं.

वारा अचानक पडला.

मागून आवाज आला. टिक टिक टिक टिक. पायडल न मारता सायकल हातानं ढकलली की मागचं चाक करतं तो आवाज. त्याची सायकल तर समोर गवतात पडली होती.

आवाज जवळ आला. थांबला.

गोपीनाथनं दात आवळले. येऊ दे. बसू दे. बोलायचं नाही.

पण ते बसलं नाही. ते समोर येऊन उभं राहिलं. मिटल्या डोळ्यांनीही त्याला ते कळत होतं, वर्गाच्या दारात कुणी येऊन उभं राहिलं की मास्तराला पाठमोऱ्यानंही कळतं तसं. चुळबुळ ऐकू आली. मग त्याचाच आवाज, पण एखाद्या उशिरा आलेल्या पोराचा असावा तसा, खाली मान घातलेला.

"आत येऊ, सर?"

आणि गेली कित्येक वर्षं, दर पावसाळ्यात, रोज सकाळी, पुस्तकातून डोकं वर न काढता तो जे म्हणत आला होता, ते त्याच्या तोंडून गेलं.

"ये. बस."

गेलेला शब्द त्यानं ऐकला. आपलाच आवाज खिंडीच्या दोन्ही कडांवर आपटून परत आला.

बाजूला कुणीतरी बसलं. खांद्याला खांदा लागला. हाडांपर्यंत थंडी गेली, आणि मग थंडी गेली. अजिबात उरली नाही. झालं, वाटलं त्याला. निभावलं.

त्यानं डोळे उघडले.

निळ्या शर्टातला एक माणूस गवतातून सायकल उचलत होता. पावसानं शर्ट त्याच्या पाठीला चिकटला होता, केसांतून पाणी गळत होतं. त्यानं गारठलेल्या माणसासारखे हात चोळले, सायकलवर टांग टाकली आणि मानपाड्याच्या बाजूनं उतार धरला. मागच्या चाकानं त्याच्या पाठीवर चिखलाची रेघ ओढायला सुरुवात केली.

गोपीनाथनं हात पुढे केला. पाऊस जोरात पडत होता. तळहातावर एकही थेंब नव्हता.

तो धावला. दगडांवरून, बांधांवरून, ओहोळांतून धावला. पायाला काही लागलं नाही. दम लागला नाही. आंबेटाकीत हौसाबाई दारात उभी होती, तिच्या अगदी समोरून तो गेला आणि ती वाटेकडे बघत राहिली. वाटेत सायकलवाला कुठे मागे पडला हेही त्याला कळलं नाही. मानपाड्यात तो आधी पोचला.

दार बंद होतं. खिडकीच्या गजांमागे जनी होती.

तिनं त्याला पाहिलं. शिकवल्याप्रमाणे हात बाहेर काढला आणि त्याच्या बाहीवर ठेवला. इवलीशी बोटं दोनदा चाचपडली. मग तिनं हात झटकन आत ओढून घेतला, पोटाशी धरला.

जनी, मीच आहे, मी तुझा बाबा, असं त्याला म्हणायचं होतं. ताकाची वाटी, दांड्यावरची सायकल, तिला आठवेल असं काहीही. तोंड उघडलं तेव्हा त्यातून एवढंच बाहेर आलं.

"आत येऊ?"

जनी मागे सरकली. ती रडली नाही. आत वळून तिनं "आई" अशी हाक मारली.

मागे सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. ओलाचिंब माणूस गोपीनाथच्या बाजूनं पुढे आला, धापा टाकत, हसत. त्यानं आपला हात खिडकीपाशी धरला. जनीनं बाही चाचपली. बाही पिळली गेली तसं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि ती खुदकन हसली.

कडी निघाली. दार उघडलं. दार लागलं.

आत सगुणा म्हणत होती की आधी डोकं पुसा, सर्दी होईल. टॉवेल झटकल्याचा आवाज आला. पाट ओढल्याचा आवाज आला.

जनी पुन्हा खिडकीशी आली. गोपीनाथकडे बघत बघतच ती आतल्या माणसाला म्हणाली, "बाबा, तो अजून भायेर उभा हाय."

आतून उत्तर आलं, डोकं वर न काढता दिलेलं.

"उशिरा आलाय तो. राहू दे उभा."

जनीनं खिडकी लावून घेतली.